अतिनैराश्य : आजाराची ओळख आणि सावरण्याचे उपाय



या पानावर दर अंकात आपण बेणे प्रक्रिया, खताच्या मात्रा, खोडव्याची निगा यांविषयी वाचता. या खेपेस विषय उसाचा नाही, ऊस लावणाऱ्याचा आहे. शेतकी खात्याच्या माणसाने यात कशाला पडावे, असे काहींना वाटेल. पण विचार करून पाहा. डॉक्टरांकडे माणूस आपण होऊन गेला तरच डॉक्टरांना तो दिसतो. आमचा फिल्डमन मात्र रोज शिवारात असतो. कोणाच्या प्लॉटात लागोपाठ तीन पाळ्या पाणी चुकले, कोणाची बांधणी राहिली, कोणाच्या उसात गवत डोक्याइतके झाले, हे सर्वांत आधी आमच्या वहीत उतरते. वहीत त्यासाठी एकच शेरा ठरलेला असतो : "मशागतीकडे दुर्लक्ष." दुर्लक्ष का झाले, याला रकाना नाही. दहापैकी आठ ठिकाणी कारण साधे निघते. मोटार जळालेली असते, वीज रात्रीची असते, नाहीतर भावाभावांत वाटणीचा वाद असतो. उरलेल्या एखाद्या ठिकाणी मात्र मालकच खाटेवर पडून असतो, आणि त्याला ताप नसतो, खोकला नसतो, मोडलेले हाड नसते.

त्या माणसाबद्दल हा लेख आहे. मी कृषी पदविकाधारक आहे, डॉक्टर नव्हे. खाली दिलेली आजाराची माहिती वैद्यकशास्त्रात सर्वमान्य झालेली आहे. कोणती गोळी, किती, किती दिवस, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचे.

दुःख वेगळे, आजार वेगळा

आंबिया बहाराची फळगळ झाली, तोडणी लांबून उसाला तुरा आला, वजन घटले, घरात कोणी गेले, तर माणूस दुःखी होणारच. त्यात आजार काही नाही. दुःखाची एक खूण अशी की ते मधून मधून सैल पडते. चार माणसांत बसले, नातू मांडीवर आला, की घटकाभर विसर पडतो. भूक लागते, झोप येते, आणि महिना-दोन महिन्यांत माणूस पुन्हा कामाला लागतो.

आजारात तसे होत नाही. सकाळ-संध्याकाळ, रोज, निदान दोन आठवडे मन खाली दबलेले राहते, किंवा कशातच गोडी उरत नाही. या दोन मुख्य खुणा. यांपैकी एक तरी असायलाच हवी. त्यांच्या जोडीला बाकीच्या येतात. झोप उडते, विशेषतः पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही. काहींना उलट दिवसभर झोप येते. भूक मरते, अंगावरचे मांस उतरते. काही केले नाही तरी थकवा. हिशेबात मन ठरत नाही, साधा निर्णय घेता येत नाही. हालचाल आणि बोलणे संथ होते, नाहीतर एका जागी बसवत नाही. आपण निकामी आहोत, सगळे आपल्यामुळे झाले, असे घोकणे सुरू होते. आणि शेवटची खूण म्हणजे मरणाचे विचार. या नऊ खुणांपैकी पाच किंवा अधिक, दोन आठवडे, जवळजवळ रोज असतील आणि कामधंदा अडत असेल, तर डॉक्टर त्याला नैराश्याचा आजार म्हणतात. बहुतेक सर्व खुणा असल्या, माणूस अंघोळ, जेवण, बोलणे सोडून बसला, तर तो अतिनैराश्याचा, म्हणजे तीव्र प्रकार.

आता अडचण अशी की आपल्याकडे "माझे मन उदास आहे" असे सहसा कोणी म्हणत नाही. आपल्या वऱ्हाडात माणूस म्हणतो, "अंगात जीवच नाही राह्यला", "डोकं सुन्न झालं", "छातीत धडधडते", "पोटात गोळा येते". बाया म्हणतात, "जीव घाबरते, कायजी लागून रायते". मग ते डोकेदुखीचे, अपचनाचे, अशक्तपणाचे दुखणे समजले जाते. एक सलाईन, एक ताकदीचे इंजेक्शन, आणि घरी. चार दिवसांनी पुन्हा तेच. वारंवार तपासण्या करूनही काही सापडत नसेल, तर डॉक्टरांना आपणच सांगावे की साहेब, झोप नाही आणि कशातच मन लागत नाही, त्याचे पाहा.

तीव्र आजारात आणखी एक गोष्ट घडते, जी मी स्वतः पाहिली. एका सभासदाचे सोसायटीचे कर्ज चुकते झाले होते, बिलाचे पैसे बँकेत जमा होते. तरी तो बायकोला रोज म्हणे की आपण बुडालो, घर जाणार, पोरे उघड्यावर येणार. पासबुक पुढे धरले तरी त्याला खरे वाटेना. घरचे आधी समजूत घालत, मग चिडत. हा हट्ट नव्हता. आजार फार वाढला की मेंदू असा खोटा हिशेब मांडतो, आणि माणसाला तोच खरा दिसतो. तापात बडबडणाऱ्याशी आपण वाद घालत नाही, तसा इथेही घालू नये. अशा माणसाला मात्र त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

उसाच्या लाल कुजीचे आपणांस माहीत आहे. बाहेरून कांडे धडधाकट दिसते. उभे चिरले की आत लाल, मधून पांढरे आडवे पट्टे आणि आंबूस वास. शेजाऱ्याने बांधावरून पाहून "चांगला आहे की ऊस" म्हणावे, तसेच नैराश्याचे होते. हातपाय धड आहेत, मग आळशीच असला पाहिजे, असा निकाल लोक देऊन मोकळे होतात.

कशाने होतो

एका कारणाने होत नाही. मेंदूतील काही रासायनिक द्रव्यांचे काम बिघडते, हे खरे. काही घराण्यांत तो जास्त दिसतो, हेही खरे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यांत तो बाईला होऊ शकतो, आणि घरातले "नखरे" म्हणून सोडून देतात. थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावले तर अशाच खुणा दिसतात, म्हणून रक्ततपासणी करून घेणे बरे. मधुमेह, हृदयविकार, पक्षाघात यांच्या मागोमाग तो येतो. दारूने तो वाढतो. पुष्कळांना वाटते दारूने टेन्शन उतरते. रात्री उतरल्यासारखे वाटते, पण झोपेची नासाडी होऊन दुसऱ्या दिवशी मन आणखी खाली जाते. असा तो चरक आहे, आणि त्यात माणूस गुळासाठीच्या उसासारखा पिळून निघतो.

आणि कर्ज, नापिकी, भाव. याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आपल्या अमरावती विभागाचे नाव सगळ्या देशात याच कारणाने गेले. २००१ पासून महसूल खाते या विभागातील शेतकरी आत्महत्यांची नोंद ठेवते. २००६ च्या जुलैत तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा, यवतमाळ, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. त्यात व्याजमाफी होती, सिंचन होते, बियाणे होते. मनाच्या आजाराचा विचार कार्यक्रमाच्या रूपाने पुढे आला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. आजही एखाद्या घरात अशी घटना घडली की चौकशी होते. सात-बारा कोणाच्या नावे, कर्ज कोणत्या बँकेचे, तगादा होता काय. त्यावर प्रकरण पात्र की अपात्र ते ठरते. हे सर्व माणूस गेल्यानंतरचे. तो जिवंत असताना, "रात्री झोप लागते का?" एवढे विचारणारा कागद आपल्याकडे फार उशिरा आला.

काही कार्यकर्ते मंडळींचा आक्षेप असतो की, याला आजार म्हटले की कर्जाचा आणि भावाचा प्रश्न झाकला जातो, सरकार सुटते. आक्षेपात तथ्य आहे. गोळी खाऊन कर्ज फिटत नाही. परंतु ज्या माणसाची झोप, भूक आणि विचारशक्ती गेली आहे, तो बँकेत जाऊन पुनर्गठनाचा अर्जही भरू शकत नाही. त्याच गावात तेवढेच कर्ज असलेला दुसरा माणूस उभा असतो, याचा अर्थ पहिला भित्रा आहे असा नव्हे. पहिल्याला कर्जावर आजारही झाला आहे. दोन्हींवर इलाज लागतो आणि आजारावरचा इलाज आधी सुरू करता येतो, कारण त्याला विधानसभेचे अधिवेशन लागत नाही.

आपल्याच तालुक्यातील शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या गाडगेबाबांचे चरित्र पुष्कळांनी वाचले असेल. वडील झिंगराजी दारूपायी गेले. मग डेबूजी आईबरोबर मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला मामाकडे राहिले, आणि पुढे सावकाराच्या फसवणुकीने मामाची जमीन गेली. त्या धक्क्याने मामा खचून गेले. म्हणजे दारू, कर्ज आणि खचणे ही तिन्ही त्यांनी घरात पाहिली होती. पुढे जन्मभर कीर्तनातून ते काय सांगत राहिले, ते आपणांस ठाऊक आहे : कर्ज काढून सण करू नका, दारू पिऊ नका, दुखणे आले तर अंगाऱ्या-धुपाऱ्याच्या नादी लागू नका. मनाच्या दुखण्याला आपण अजूनही आधी बाहेरची बाधा समजतो, हे बाबांच्या तालुक्याला शोभत नाही, एवढेच म्हणतो.

आपल्याच जिल्ह्यातील तीस गावे

हा आजार फक्त मुंबई-पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी बरा करायचा, असा समज आहे. तो खोटा ठरवणारे काम याच अमरावती जिल्ह्यात झाले, आणि आपल्यापैकी फार थोड्यांना ते माहीत आहे. गोव्याची 'संगाथ' ही संस्था, नागपूरची 'प्रकृती' ही संस्था आणि टाटा ट्रस्टचे साहाय्य यांतून 'विश्राम' नावाचा कार्यक्रम आखला गेला. त्यातील ३० गावांची पाहणी करून निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट सायकियाट्री' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

कामाची रीत आपल्या गटशेतीसारखीच साधी होती. गावातल्याच शिकलेल्या बाया-माणसांना तयार केले. त्यांनी घरोघर आणि बैठकीत बसून आजाराची माहिती द्यायची, ओळखायचे, धीर द्यायचा. थोडे अधिक शिकवलेल्या समुपदेशकांनी बोलण्याचा उपचार करायचा. ज्यांचा आजार तीव्र, त्यांनाच मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचे. सुरुवातीच्या पाहणीत आजार असलेल्या शंभरांपैकी जेमतेम ४ जण कोठे तरी उपचार घेत होते. अठरा महिन्यांनंतरच्या पाहणीत हे प्रमाण २७ वर गेले. जीव द्यावासा वाटतो असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. खेडी आपलीच, माणसे आपल्यासारखी कापूस-सोयाबीनवालीच. या अठरा महिन्यांत पाऊसपाणी किंवा बाजारभाव काही जादूने सुधारले नव्हते.

त्याच सुमारास गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत दुसरा प्रयोग झाला. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांचे दोन गट केले. एकाला नेहमीचे उपचार. दुसऱ्याला त्याबरोबर सहा-आठ बैठकांचे बोलणे, तेही डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या साध्या माणसांकडून. तीन महिन्यांनी पहिल्या गटात शंभरांत ३९ जण आजारातून बाहेर आले होते, दुसऱ्यात ६४. तिकडे आफ्रिकेत झिंबाब्वे देशात तर दवाखान्याच्या अंगणात बाक टाकून गावच्या आज्यांना हे काम शिकवले आहे, आणि ते चांगले चालते. आपल्या गावातही ओट्यावर बसणाऱ्या आज्या कमी नाहीत. फक्त त्या सध्या उलट काम करतात.

राज्य शासनानेही २०१५ साली १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. आशाताईंनी घरभेटीत अशा खुणा विचाराव्यात आणि रुग्ण पुढे पाठवावा, अशी त्याची योजना होती. आशाताईंनी झोपेचे, मनाचे विचारले तर "तुले काय करायचं" म्हणून त्यांना वाटेस लावू नये.

इलाज कसा चालतो

औषधांविषयी चार गैरसमज पक्के बसले आहेत, ते आधी काढू. ही झोपेची गोळी नव्हे. तिची दारूसारखी सवय लागत नाही. ती वेड्यांची गोळीही नव्हे. ती घेणारे मास्तर आहेत, तलाठी आहेत, संचालकही आहेत. आणि चौथे, ती लगेच काम करत नाही. युरिया टाकला की आठवड्यात काळोखी दिसते, तसे येथे नाही. पहिले पंधरा दिवस गुण दिसत नाही, उलट मळमळ, बेचैनी असा त्रास मात्र होऊ शकतो. पुष्कळ जण याच टप्प्यावर गोळ्या सोडतात. दोन ते चार आठवड्यांत झोप-भूक सुधारू लागते, मन त्यानंतर हळूहळू वर येते. बरे वाटले तरी साधारण सहा महिने किंवा डॉक्टर सांगतील तोवर गोळ्या चालू ठेवाव्या लागतात, आणि थांबवताना डॉक्टरांच्या सांगण्यानेच मात्रा हळूहळू कमी करायची. सुरुवातीच्या दिवसांत माणूस फार बेचैन झाला, झोप साफ गेली किंवा भलते बोलू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवून आणावे. पूर्वी कधी उलट प्रकारचा त्रास, म्हणजे अतिउत्साह, झोपेशिवाय दिवसरात्र बडबड, उधळपट्टी झाली असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. औषध त्याप्रमाणे बदलते.

अगदी टोकाच्या आजारात, माणूस खाणेपिणे सोडतो किंवा जिवावर उठतो तेव्हा, विजेचा उपचार करतात. सिनेमात दाखवतात तसा तो नसतो. भूल देऊन केला जातो, आणि भूल न देता करण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे.

दुसरा भाग बोलण्याच्या उपचाराचा. गोव्यात जो वापरला, त्याचे तत्त्व शेतकऱ्याला पटकन कळेल असे आहे. आजारी माणूस म्हणतो, "मन झालं की काम करीन." मन होत नाही, म्हणून काम होत नाही, काम साठते, साठलेले पाहून मन आणखी बसते. हे चक्र कामाच्या बाजूने तोडायचे. मन नसले तरी एक छोटे काम, ठरल्या वेळी. एवढे छोटे की नाही म्हणता येऊ नये.

वर सांगितलेल्या सभासदाचे असेच झाले. आधी सहा महिने घरच्यांनी एका बाबाकडे खेपा घातल्या, त्यात बरेच पैसे गेले. त्याचे नाव घेण्यात अर्थ नाही. मग त्याच्या मेहुण्याने त्याला सरकारी दवाखान्यात नेले. गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाल्यावर तिथल्या समुपदेशकाने त्याला विचारले, "शेतात तुमचं कोणतं काम आवडीचं होतं?" तो म्हणाला, "सकाळी पाणी द्याले जाच्चो." पहिल्या आठवड्यात ठरले ते इतकेच : सकाळी सातला बांधापर्यंत जाऊन यायचे. पाणी द्यायचे नाही, नुसते जाऊन यायचे. चार दिवस गेला, तीन दिवस नाही गेला. दुसऱ्या आठवड्यात एका सरीचे दार धरायचे. तिसऱ्या आठवड्यात शेजाऱ्याबरोबर अंजनगावच्या बाजारात जायचे आणि चहा पिऊन यायचे. भाजी घेतलीच पाहिजे असे नाही. बायकोने वहीत रोज टिपण ठेवले. दोन महिन्यांनी आमच्या फिल्डमनला तो स्वतःहून म्हणाला, "खोडव्याले खत कोणतं टाकू?" ते वाक्य फिल्डमनने मला तसेच्या तसे येऊन सांगितले. मध्ये एकदा, पोळ्याच्या सुमारास, गोळ्या संपल्या आणि त्याने परत आणल्या नाहीत. महिनाभरात पहाटेची झोप पुन्हा उडाली. या वेळी बायकोने ओळखले आणि वाट पाहिली नाही. सध्या त्याच्या गोळ्या चालू आहेत, आणि दीड एकर पूर्वहंगामीची नोंद आहे.

आजारात मोठे निर्णय मात्र घेऊ नयेत. जमीन विकणे, बाग तोडणे, मुलीचे लग्न घाईने उरकणे, कारखान्याचा शेअर काढून घेणे, हे सगळे दोन-तीन महिने पुढे ढकलावे. खाली बसलेल्या मनाला प्रत्येक भाव पडलेलाच दिसतो.

घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी

"मन घट्ट कर", "लोकांचं पाहा, त्यांना किती दुःख", "मर्दासारखा मर्द अन् रडते काय" — हे सगळे चांगल्या मनाने बोलले जाते आणि प्रत्येक वाक्य त्याला आणखी एक पायरी खाली उतरवते. त्याने मन घट्ट करून पाहिलेले असते. त्यापेक्षा शेजारी बसावे, कमी बोलावे. "काऊन गड्या, बरेच दिवस झाले, दिसून नाही राह्यला? झोप लागते का रात्री?" एवढे विचारले तरी पुष्कळ होते. उत्तर यायला वेळ लागतो, तेवढा थांबावे. मग दवाखान्याच्या खेपेला सोबत जावे. "जाऊन ये" म्हटल्याने आजारी माणूस जात नाही.

आता कठीण गोष्ट. माणूस "माझ्यानं काही होत नाही, माझ्यावाचून तुमचं बरं होईल" असे बोलू लागला, देणीघेणी उगीच आवरू लागला, मुलांना एकदम बोलावून घेऊ लागला, तर सरळ विचारावे : "जीव द्यायचे विचार येतात काय?" असे विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट, कोणीतरी ओळखले म्हणून त्याचे ओझे हलके होते. उत्तर हो आले, तर त्याला एकटे सोडू नये, रागावू नये, शपथा घालू नयेत. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. असे विचार सहसा लाटेसारखे येतात आणि ओसरतात. ती लाट ओसरेपर्यंत माणूस सोबत असणे आणि धोक्याची वस्तू हाताशी नसणे, या दोन गोष्टींनी जीव वाचतो.

म्हणून शेतकी खात्याचा माणूस या नात्याने एक आग्रहाची सूचना. फवारणीची औषधे घरात, खाटेखाली, धान्याच्या खोलीत ठेवू नका. लागेल तेवढेच आणा, उरलेले कुलूपबंद पेटीत ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या. घरात कोणी आजारी असेल तर ती पेटी सरळ भाऊबंदांच्या गोठ्यात हलवा. हे सांगण्यामागे आधार आहे. श्रीलंकेत १९९५ पासून सर्वांत जहाल कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी आणली गेली, आणि पुढच्या वीस वर्षांत त्या देशातील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. भाताचे उत्पन्न त्यामुळे घटले, असेही झाले नाही. तिथली माणसे काही एकाएकी सुखी झाली नव्हती. हाताशी वस्तू नव्हती, एवढाच फरक.

कोणी प्रयत्न करून वाचला, तर पोलिसांच्या भीतीने पुष्कळ घरे दवाखान्यात खरे सांगत नाहीत आणि इलाज चुकतो. ही भीती आता सोडावी. मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या ११५ व्या कलमाप्रमाणे असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरले जाते, त्याला शिक्षा होत नाही, उलट त्याची काळजी घेणे ही शासनाची जबाबदारी ठरते. जुन्या दंडसंहितेतील ३०९ कलम तर १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत उरलेलेच नाही.

कोठे जावे

पहिली पायरी आपले प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा अंजनगावचे ग्रामीण रुग्णालय. तेथून अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, ज्याला जुनी माणसे अजून इर्विन म्हणतात, चिठ्ठी मिळते. दर्यापूरकडील सभासदांना अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय सोयीचे पडेल. नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहेच, पण नैराश्याच्या बहुतेक रुग्णांना तिथवर जाण्याची गरज पडत नाही. घरबसल्या बोलायचे असेल तर १४४१६ हा 'टेलि-मानस' चा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून तो चालू आहे, पैसे पडत नाहीत, रात्री-बेरात्रीही लागतो आणि मराठीतून बोलता येते. जिवाला धोका असेल तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

राहता राहिली आपल्या कामाची बाब. घरातील कर्ता माणूस आजारी असल्यामुळे नोंद, पाणीपाळी किंवा तोडणीच्या तारखेस अडचण येत असेल, तर पत्नीने, मुलाने अथवा भावाने गट कार्यालयात येऊन साध्या कागदावर तसे कळवावे. आजार कोणता ते लिहिण्याची गरज नाही, "प्रकृती अस्वास्थ्य" एवढे पुरे. तोडणी कार्यक्रम लावताना प्लॉट विसरला जाणार नाही हे आम्ही पाहू, आणि स्लिपबॉयला टोळीसोबत बांधावर स्वतः हजर राहण्यास सांगितले जाईल. कागद माझ्याकडे बंद पाकिटात दिला तरी चालेल.

— ऊस विकास अधिकारी